नारळ उभा राहतो तिथे

अप्पा, आमच्या कॉलेजात दर शनिवारी दुपारी सायकल स्टँडच्या पत्र्याखाली काही मुलंमुली जमतात. त्यात देव न मानणारे आहेत, मानावा की नाही हे अजून ठरवत असलेले आहेत, आणि मानतात पण कुणी प्रश्न विचारला तर चिडत नाहीत असेही दोघंतिघं आहेत. नाव शंका मंडळ. कॉलेजची परवानगी आहे, खोली मात्र मिळालेली नाही, म्हणून सायकल स्टँड. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. करायला नांदेडला आले, तेव्हा असल्या कुठल्या मंडळात जाईन असं मला वाटलं नव्हतं. तुम्हाला माहीत आहे, चार माणसांत बसायचं म्हटलं की मी दारातूनच मागे फिरते. पण एकदा ग्रंथालयाकडे जाताना त्या पत्र्याखालून एका मुलाचा आवाज आला, "कशावरून?" मागचं पुढचं काही ऐकू आलं नाही. तो शब्द मात्र तुम्ही म्हणायचात तसा, शेवटचं अक्षर जरा ओढून, रागाशिवाय म्हटलेला होता. मी पुस्तकं छातीशी धरून तिथेच उभी राहिले. कुणीतरी सरकून जागा केली आणि मी बसले.

माझी पहिली शाळा म्हणजे आपलं स्वयंपाकघर. शाळेत बसवलं की मला उलटी व्हायची, म्हणून तुम्ही मला तिसरीपर्यंत घरीच ठेवलंत. शेजारच्या गावच्या शाळेवर तुमची नोकरी. सकाळी निघण्याआधी तुम्ही चुलीशेजारी पाटी घेऊन बसायचात आणि मी समोर. आई भाकरी थापतेय, तुमचा चहा निवतोय, आणि तुम्ही मला आधी लिहू देत नाही, आधी बोलायला लावताय. मी म्हणते, आज पाऊस येणार नाही. तुम्ही म्हणता, कशावरून? मी म्हणते, आई म्हणाली. तुम्ही म्हणता, आईला कशावरून? आई मागे न बघता म्हणते, "आईला ढगावरून. आता गिळा दोघंबी, भाकर गार होऊन राहिली." असं रोज. गणिताचं उत्तर बरोबर आलं तरी तुम्ही कशावरून विचारायचात, आणि मला रडू यायचं, कारण मला वाटायचं की उत्तर चुकलंय. नुसतं बरोबर असून भागत नाही, ते बरोबर कसं हेही ठाऊक पाहिजे, हे मला फार उशिरा कळलं. अजूनही मी परीक्षेत उत्तर लिहून झालं की समासात छोटी खूण करते. ती खूण म्हणजे तुम्ही विचारलंत आणि मी सांगितलं.

आणि हाच माणूस रविवारी पाणी बघायला जायचा. इथेच माझी गाठ बसते, अप्पा, आणि ती सोडवायला म्हणून मी हे लिहितेय. किल्लारीच्या बाजूचं आपलं गाव, भूकंपानंतर नव्याने वसवलेलं, सरळ गल्ल्या आणि एकसारखी घरं. गावात तुम्ही मास्तर होतात, पण बाहेरगावची माणसं मोटारसायकलवर तुम्हाला शोधत यायची ती जमिनीतलं पाणी दाखवणारा पाणाड्या म्हणून. भूकंपात जमिनीखालचे झरे सरकले, असं सगळेच म्हणायचे. बोअर पाडायच्या आधी कुणाला तरी जागा दाखवायला लावल्याशिवाय माणसांना धीर होत नसे. तुम्ही शेंडीचा नारळ तळहातावर आडवा ठेवून, शेंडी बोटांकडे करून, शेतातून सावकाश चालायचात. खाली पाणी असलं की नारळ हातातल्या हातात उठून उभा राहायचा. पुढे मी जरा मोठी झाले आणि नारळ माझ्या हातात आला, कारण मी पायाळू. पायांकडून जन्माला आलेल्या माणसाच्या पायांना जमिनीखालचं पाणी कळतं, असं आपल्याकडे सगळा मुलूख मानतो. विजा चमकायला लागल्या की आई मला पाटावर बसवायची, कारण पायाळूवर वीज पडते असंही मानतात. मला एका हातावर नारळ पेलायचा नाही, म्हणून तुम्ही दोन्ही हातांची ओंजळ करायला लावलीत. चप्पल काढून मी ढेकळांतून चालतेय, तुम्ही चार पावलं मागे, शेताचा मालक बांधावर टोपी काढून उभा. आणि नारळ उठायचा. मी उठवायचे नाही. हे मी आजही शपथेवर सांगेन, फक्त आमच्या मंडळात शपथ चालत नाही.

मंडळाची एक रीत आहे, ती तुम्हाला आवडली असती. दुसऱ्यांच्या समजुतींना हसायचं नाही. तपासायची ती आपल्या घरची. दर शनिवारी एकाने डबा आणायचा. डब्यात घरचं काहीतरी खायला, आणि त्याबरोबर घरची एक समजूत. आधी खायचं, मग समजूत ऐकायची, मग ती कशी तपासता येईल ते बोलायचं, आणि जमलं तर त्याच आठवड्यात तपासायचं. ही रीत सुरू केली ती मंडळ चालवणाऱ्या देगलूरच्या मुलाने. तो माझ्याहून एक वर्ष पुढे, भौतिकशास्त्रात. घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, आमच्याशी मराठी आणि चिडला की तिन्ही एकदम. देवाधर्माच्या बाबतीत त्याचं सगळं ठरलेलं आहे, त्याच्या मनात शंका म्हणून उरलेली नाही. त्यावरून त्याला सगळे चिडवतात की शंका मंडळात तूच एकटा बिनशंकेचा. मला तो मास्तरीणबाई म्हणतो, कारण मी सारखी विचारते.

दुसरी सांगायची ती माझी खोलीतली मैत्रीण, धर्माबादची. ती गुरुवारचा उपवास करते, परीक्षेला जाताना देवाला नमस्कार करून जाते, आणि मंडळात सगळ्यांत जास्त बोलते. तिच्या घरी मिरचीचा व्यापार. तिने डब्यात मिरचीचा ठेचा आणि दशम्या आणल्या, आणि समजूत आणली दृष्ट काढायची. मिरच्या माणसावरून ओवाळून निखाऱ्यात टाकायच्या. ठसका लागला नाही तर त्या माणसाला दृष्ट होती, आणि ती मिरच्यांनी ओढून घेतली. आता हे तपासायचं कसं? बराच वेळ बोलणं झाल्यावर मीच सुचवलं की एकदा माणसावरून ओवाळू आणि एकदा अशा कशावरून, ज्याला दृष्ट लागूच शकत नाही. वसतिगृहाच्या मागे शेगडी पेटवली आणि एक वीट आणली. तिने आधी विटेवरून मिरच्या ओवाळल्या, मंत्रसुद्धा म्हटला. मग धर्माबादच्या मिरचीने आपलं काम केलं. आम्ही सगळे डोळे पुसत गच्चीकडे पळालो, रेक्टरबाई खोकत खाली आल्या आणि विचारू लागल्या की काय जाळून राहिलात. देगलूरचा खोकता खोकता म्हणाला, "मॅडम, विटेला दृष्ट नाही. सिद्ध झालं." मैत्रीण हसून हसून खाली बसली. पण पुढच्या गुरुवारी तिने उपवास केलाच. मी विचारलं तर म्हणाली, "अगं, मिरची तपासली, मी कुठं उपवास तपासलाय? त्याची पाळी येऊ दे की."

मला हे सगळं फार आवडत होतं, आणि तितकंच खुपत होतं. माझी पाळी आली की मी म्हणायचे, आमच्या घरी तसलं काही नव्हतं, वडील मास्तर होते. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवली की खरी वाटायची. त्यातलं एक खरं होतं. मला भीती कसली होती ते नीट सांगते, कारण मी स्वतःलाही ते नीट विचारून घेतलंय. माझ्यावर हसतील याची नव्हती. मी सांगितलं असतं की नारळ उभा राहायचा, तर देगलूरच्याने शांतपणे समजावलं असतं की हात माणसाला न विचारता हलतो. तो तसं एकदा दुसऱ्याच कशाबद्दल म्हणाला होता. मग एक प्रश्न आपोआप उरला असता. ज्या माणसाने तुला कशावरून विचारायला शिकवलं, त्याने स्वतःला कधी विचारलं नाही का? विचारलं नसेल, तर तो मास्तर कसला? आणि विचारलं असेल, तर लोकांच्या शेतात तो काय करत होता? यातलं कुठलंही उत्तर निघालं तरी माझ्याकडून तुमचं काहीतरी जाणार होतं, आणि तुम्ही तिथे बोलायला असणार नव्हतात. तुम्ही गेलात तेव्हा मी पाचवीत होते. मेलेल्या माणसाला त्याच्या पाठीमागे तपासायचं, हे मला चोरून कुणाची पेटी उघडल्यासारखं वाटत होतं.

पण खोटं बोलून त्या पत्र्याखाली बसणंही जमेना. शेवटी उन्हाळा सुरू व्हायच्या आत एका शनिवारी मी डबा नेला. आईने पाठवलेले धपाटे होते आणि दही मैत्रिणीने आणलं. खाऊन झाल्यावर मी पिशवीतून नारळ काढून मध्ये ठेवला. सगळ्यांना वाटलं की गोड काहीतरी करणार. मी पायाळू असल्याचं सांगितलं, रविवारचं सांगितलं, तुमचं सांगितलं. मी नारळाकडे बघून बोलत होते. मग देगलूरच्याने अगदी जपून विचारलं, "आणि आता तुला काय वाटतं?" मी म्हणाले की काय वाटतं ते बाजूला ठेवू, नारळ हलतो हे मला माहीत आहे, तो पाण्याने हलतो का हे माहीत नाही, मला ते बघायचंय. तो म्हणाला, सोपं आहे. पालथ्या घमेल्यांखाली पाण्याच्या बाटल्या ठेवू, काही भरलेल्या, काही रिकाम्या. मी नाही म्हणाले. पाणाड्या बाटलीतल्या पाण्याचा दावा करत नाही, जमिनीतल्या झऱ्याचा करतो. जो दावा केलेलाच नाही तो खोटा पाडण्यात काय अर्थ? तो हसला. "मास्तरीणबाई, तू कुणाकडून आहेस?"

मग उपायही मीच काढला. कॉलेजच्या मैदानाखाली कुठे पाणी आहे हे आम्हाला माहीत नाही, आणि ते माहीत असायची गरजही नाही. झरा काही तासातासाला जागा बदलत नाही. मी आधी उघड्या डोळ्यांनी अनवाणी चालायचं, नारळ उभा राहील तिथे दुसऱ्याने फक्की टाकायची, कबड्डीच्या रेघा मारायला ठेवलेली पांढरी फक्की. मग डोळे बांधून, दोनचार गिरक्या देऊन, मला मैदानाच्या दुसऱ्याच बाजूने आत सोडायचं. आता नारळ उभा राहील तिथे विटेचा तुकडा ठेवायचा. पाणी असेल तर तुकडे फक्कीवर पडतील. मला ही युक्ती इतकी आपली वाटली की मी ती सांगताना जरा ऐटीत बोलले असेन. देगलूरचा म्हणाला, "हे भारी आहे. कुठं वाचलंस?" मी म्हणाले, कुठेच नाही, सुचलं.

रविवारी सकाळी मैदान मोकळं होतं. पहिली फेरी झाली. मी पायातलं काढून चालू लागले आणि अप्पा, इतक्या वर्षांनी नारळ हातात तसाच उठला. ओंजळीत काहीतरी जागं झाल्यासारखं. मैत्रीण फक्की टाकत मागून येत होती, तिनेही तो उठताना पाहिला. मग तिने माझ्या डोळ्यांवर आपली ओढणी बांधली. गाठ मारताना तिचे हात माझ्या कानांना लागले, आणि मी म्हणाले, थांब. ही युक्ती माझी नव्हती. हे माझ्याबरोबर कुणीतरी आधी केलेलं होतं. तुम्ही.

ती आठवण माझ्याजवळ होतीच, पण मी ती वेगळ्याच नावाने ठेवली होती. माझ्या पायांची ताकद गेली तो दिवस, असं तिचं नाव होतं. त्याच्या आदल्या आठवड्यात निलंग्याकडे आत्याच्या दिरांच्या शेतात बोअर पाडली होती. जागा माझ्या नारळाने दाखवलेली. बोअरची गाडी सकाळपासून घुरघुरत होती, पांढरा फुफाटा उडून लिंबाची पानं पांढरी झाली होती, आणि पाणी आलंच नाही. सगळे दमून बांधावर बसले. आत्याचे दीर वाईट माणूस नव्हते. त्यांनी आपलं दुःख चेष्टेत घालवलं. "मास्तर," ते म्हणाले, "पुढच्या खेपेला पोरीचे पाय बदलून आणा." माणसं हसली. तुम्हीही थोडं हसलात, हे मला दिसलं. मग काही दिवसांनी तुम्ही मला सायकलवर पुढे बसवून आपल्याच गावाबाहेरच्या पडीक रानात नेलंत. बरोबर मालक नाही, कुणीच नाही. मला चालायला लावलंत, नारळ उभा राहिला तिथे दगड ठेवलात. मग खिशातून दस्ती काढून माझे डोळे बांधलेत. दस्तीला खडूचा वास होता. मला खांद्याला धरून फिरवलंत आणि म्हणालात, आता चल. नारळ पुन्हा उभा राहिला. तुम्ही दस्ती सोडलीत. दगड एकीकडे होता आणि आपण भलतीकडे उभे होतो. तुम्ही खाली बसून माझ्या पायांवरची माती झटकलीत आणि एकच वाक्य बोललात. "झालं. आता तुझे पाय तुझे."

मी रडले नाही. पण मला कळलं ते असं की मी नापास झाले, माझ्यातलं ते गेलं, आता तुम्हाला माझा उपयोग नाही. कारण त्यानंतर तुम्ही मला पाणी बघायला कधी नेलं नाहीत. रविवारी तुम्ही नारळ पिशवीत घालून एकटे निघायचात आणि मी दारातून बघायचे.

मैदानावर मी हे सगळं कुणाला सांगितलं नाही, ओढणी बांधून घेतली आणि चालले. निकाल सांगते. विटेचे तुकडे फक्कीपासून लांब पडले. एक जवळ पडला. मैत्रीण म्हणाली, हा धरायचा का? मी म्हणाले, धरायचा नाही, जवळ म्हणजे किती जवळ ते आपण आधी ठरवलं नव्हतं. देगलूरच्याने मान डोलावली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी काही सिद्ध झालं असंही म्हणालं नाही. आम्ही पायरीवर बसून तोच नारळ फोडला. मग मी त्यांना दस्तीचं सांगितलं.

देगलूरच्याने खोबऱ्याचा तुकडा बाजूला ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे त्यांना कळलं होतं." मी म्हणाले, कदाचित. "आणि तरी ते जात राहिले. वाईट वाटून घेऊ नको, पण ही फसवणूकच झाली की." मला तेच वाक्य अपेक्षित होतं, त्याच्याच भीतीने मी इतके महिने गप्प बसले होते, आणि ते ऐकल्यावर मला पहिल्यांदा वाटलं ते हे की यालाही कशावरून विचारता येईल. मैत्रिणीने माझ्या आधी विचारलं. ती म्हणाली, "तुला काय माहीत ते शेतात जाऊन काय करायचे? ही तर नंतर गेलीच नाही." तो म्हणाला, ठीक आहे, मग कुणाला माहीत आहे? त्याने हे चिडून विचारलं नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी आईला फोन लावला. ती आता लातुरात दादाकडे असते. मी सरळ विचारलं की अप्पांनी मला न्यायचं का बंद केलं. आई म्हणाली, आता हे कुठून काढलंस. मग म्हणाली, "तुला आठवत न्हाई व्हय? त्या बोअरनंतर तू चप्पल काढत नव्हतीस. घरात, देवापुढं, जेवताना, चप्पल पायात. मी मारलंबी एकदा. झोपताना पाय पांघरुणाच्या बाहेर दिसू द्यायची न्हाईस. दिवसातनं किती बारी पाय धुवायचीस, टाचा फुटल्या होत्या." मला यातलं काहीच आठवत नव्हतं, अप्पा. मी म्हणाले, मग? "मग काय. एक दिवस तुझे अप्पा तुला सायकलीवर घेऊन गेले. कुठं नेलं, काय केलं, मला बोलले न्हाईत, मी इचारलं न्हाई. परत आलीस तर चपला दाराबाहेर काढून आत आलीस, अन् म्हणलीस भूक लागली. एवढं मला ठाव हाय."

मी नारळाचंही विचारलं. त्यानंतर ते रानात जाऊन काय करायचे? आई म्हणाली, ते आधी आजूबाजूच्या विहिरी बघून यायचे, कुणाची बोअर किती खोल गेली ते विचारायचे, पाण्याच्या जागी वाढणारा उंबर कुठे आहे ते बघायचे, आणि त्यावरून जागा सांगायचे. सुरुवातीला नारळ घरी ठेवूनच गेले होते. पण माणसं ऐकेनात. नारळ नाही म्हटल्यावर म्हणायची, मास्तरला आता जमत न्हाई, आणि दुसऱ्या कुणाला तरी बोलवायची. "मग पुन्हा न्यायला लागले. हातात धरून हिंडायचे. नारळ उभा ऱ्हायचा का त्यांच्या हातात, ते मला काय ठाव." आणि त्या जागांना पाणी लागायचं का? आई म्हणाली, "कुठं लागायचं, कुठं न्हाई. पयल्यासारखंच."

हे मी पुढच्या शनिवारी जसंच्या तसं सांगितलं. देगलूरचा म्हणाला की नारळ नेला ते चूकच, आणि मी त्याच्याशी वाद घातला नाही, कारण मलाही नारळ नेणं पटत नाही. खोटा नारळ धरून खरा अंदाज सांगायचा, तर माणसाचा भरवसा पुन्हा नारळावरच बसतो. तुम्ही मला तो भरवसा सोडायला शिकवलंत आणि दुसऱ्यांच्या हातात तो ठेवलात. की तुम्हाला अजून वाटत होतं की पोरीच्या हातात चुकतो, आपल्या हातात चुकणार नाही? तुम्ही कधी स्वतःचे डोळे बांधून चाललात का, एकटे असताना? बांधले असते तर दगड कुणी ठेवला असता? असे प्रश्न मला सुचत राहतात आणि नवल म्हणजे आता त्यांची भीती वाटत नाही. मैत्रीण मध्येच म्हणाली, "अप्पा आज असते तर मंडळात घेतलं असतं का रे?" देगलूरच्याने विचार केला. "घेतलं असतं," तो म्हणाला. "पण डबा त्यांनाच आणायला लावला असता."

मला एक मात्र आता राहून राहून दिसतं. त्या पडीक रानात तुम्ही काय तपासत होतात? इतकी वर्षं मी समजत होते की मला. मैदानावर मला वाटलं की नारळाला. आईशी बोलल्यापासून वाटतं की तुम्ही काहीच तपासत नव्हतात. उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक होतं, ते फक्त मला माझ्या डोळ्यांनी बघू द्यायचं होतं. कोरड्या बोअरचा आणि माझ्या पायांचा काही संबंध नाही, हे नुसतं सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, मी कशावरून विचारलं असतं. तुम्हीच तशी सवय लावली होती. म्हणून तुम्ही मला पुरावा दिलात, आणि मी त्याला नापास होणं म्हणत राहिले. अर्थात, आईने पाहिलं ते दाराबाहेर काढलेल्या चपलांपुरतंच. एवढ्यावरून तुमच्या मनातलं काढणं बरोबर नाही, हे मला कळतं. तुम्ही असता तर या शेवटच्या वाक्यांपुढे बोट ठेवलं असतंत आणि कशावरून विचारलं असतंत. समासात खूण करता येईल असं हे उत्तर नाही.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही आणि डब्यातही नेणार नाही. एक गोष्ट मंडळाला सांगितलेली नाही, ती इथे सांगून संपवते. पहिल्या फेरीत नारळ सगळ्यांत आधी जिथे उठला होता, ती जागा मला ठाऊक आहे. फक्की कधीच उडून गेली, पण कबड्डीच्या रेघेच्या कोपऱ्यापासून थोडी आत, मी डोळे मिटून दाखवीन. परवा संध्याकाळी मैदान ओलांडताना तिथे कुणी नव्हतं. मी चप्पल काढली आणि उभी राहिले, हात मोकळे, नारळ नाही. पाय माझेच आहेत, हे मला माहीत होतं. तरी थोडा वेळ वाट पाहिली.